चष्मेवाल्यांची मान

गुरुवारी सकाळी दुकानाला निघायच्या घाईत चष्मेवाले खाटेखाली सरकलेली चप्पल काढायला वाकले, आणि वाकलेले असतानाच त्यांना शिंक आली. शिंक काही सांगून येत नाही, हे खरं. पण माणसाने एका वेळी एकच काम करावं, हेही तितकंच खरं. शिंकून ते उभे राहिले, तेव्हा बाकीचं सगळं अंग त्यांच्याबरोबर सरळ झालं, मान तेवढी डाव्या खांद्याकडे तोंड करून बसली. त्यांनी तिला गोडीगुलाबीने समोर आणायचा प्रयत्न केला. मानेपासून थेट कमरेपर्यंत अशी कळ गेली की ते मटकन खाटेवर बसले.

“मेलो,” ते म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले, कारण ऐकायला घरात सून होती.

चौकात चष्मेवाल्यांचं चष्म्यांचं दुकान. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत “हे बरं दिसतंय, की हे?” असं विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घरात ते, मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि शनिवारपर्यंत परगावी गेला होता. आणि येत्या रविवारी मुलगा-सून नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते.

मुलाने हे महिन्यापूर्वी जेवताना सांगितलं, तेव्हा चष्मेवाले नुसतं “बरं” म्हणाले आणि पुढचा घास गिळायला त्यांना पाणी लागलं. का जाताय, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं, म्हणजे पंचाईत. सून आपल्याला कंटाळली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवलेला नंबर ते सहसा बदलत नसत. फ्लॅट बघायला चला म्हणून मुलाने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा त्यांना नेमकं दुकानात काम निघालं. मग एकटेच दुकानात बसून त्यांनी पुसलेल्या काचा पुन्हा पुसल्या.

आज मान धरली, कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, यातलं काही खोटं नव्हतं. पण कळेच्या मागोमाग एक विचारही आला, आणि तो मुळीच दुखरा नव्हता. आजारी माणसाला टाकून घर कोण बदलतं?

चष्मेवाल्यांच्या घराण्यात आजार ही एकट्याने करायची गोष्टच नव्हती. ‘आजाऱ्याला एकटं सोडलं की आजार त्याच्याशी गप्पा मारायला लागतो,’ असं त्यांची आई म्हणायची. म्हणून कुणी साधा खोकला तरी सगळ्या भाऊबंदांनी येऊन खाटेभोवती बसायचं आणि इतकं बोलायचं की आजाराला तोंड उघडायला जागाच राहू नये. एरवी ज्या घराण्यात कुणी कुणाची सरळ तोंडाने विचारपूस करत नसे, तिथे ताप आला की लहानपणीच्या नावाने हाका मारायचे, पाय चेपायचे, तोंडात घास द्यायचे. बायको होती तोवर चष्मेवाले वर्षातून एकदा तरी मन लावून आजारी पडत. ती गेल्यापासून ते जमलं नव्हतं.

सून दारात आली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली वळवली. मग पाण्याचा ग्लास उशाशी ठेवला, खिडकी सताड उघडली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. इतकं अलगद, की कडीसुद्धा वाजली नाही.

चष्मेवाले वाट बघत राहिले. तेल गरम करायला गेली असेल, म्हणून थोडा वेळ दिला. मग कण्हले. बाहेर रेडिओ सुरू झाला. ते मोठ्याने कण्हले. रेडिओही मोठा झाला.

“शाबास,” चष्मेवाले भिंतीला म्हणाले.

आता इथे सुनेची बाजू सांगायला हवी, कारण ती स्वतःहून सांगणाऱ्यातली नाही. ती पुलापलीकडची. पूल ओलांडायला बसला फारसा वेळ लागत नाही, पण माणसं पार वेगळी. त्यांच्यात आजारी माणसाकडे टक लावून बघणं म्हणजे अंघोळ करणाऱ्याकडे बघण्यासारखं समजतात. माणूस दुखण्याने वेडावाकडा झालेला, केस विस्कटलेले, तोंडातून नको ते आवाज येतायत, अशा वेळी कुणी आपल्याला बघू नये असंच त्याला वाटणार. म्हणून खिडकी उघडायची, पाणी ठेवायचं, दार लावायचं. कण्हणं ऐकू आलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. घरात रेडिओ असेल तर लावायचा, म्हणजे बिचाऱ्याला मोकळेपणाने कण्हता येतं. सुनेने सासऱ्यांच्या अब्रूसाठी होतं नव्हतं ते सगळं केलं होतं. शिवाय कामावर न जाता ती स्वयंपाकघरात कान टवकारून बसली होती, ते वेगळंच.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचा चुलतभाऊ होता.

“दुकान बंद कसं आज?” त्याने विचारलं. “दादा कुठंय?”

आजाराची बातमी दारात उभं राहून सांगायची म्हणजे सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बाहेर गेलेत,” ती म्हणाली.

“बाहेर कुठं?”

“असेच. बाहेर.”

हे चष्मेवाल्यांनी आतून ऐकलं. माणूस हाडामांसाचा घरात पडलाय, आणि सून सांगते घरात नाही. अजून रविवार उजाडला नाही तोच आपल्याला घरातून वजा करून टाकलं. त्यांना खरंच रडू आलं. “अरे, मी इथं आहे,” असं ते ओरडले, पण त्याच वेळी रेडिओवरच्या गायकानेही वरचा सूर लावला होता.

चुलतभाऊ तिथून निघाला तो तडक मागच्या गल्लीत आक्काकडे गेला. आक्का म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. भाऊबंदांत कुणी आजारी पडलं की सगळी सूत्रं तिच्या हातात. चुलतभावाने सांगितलं ते एवढंच, की दुकान बंद आहे, दादा घरी नाही, कुठे गेला ते सुनेला सांगता येत नाही, आणि सांगताना ती चाचरत होती. आक्काने गॅस बंद केला. शेजारच्या दोन जावांना हाक मारली. जावांनी आपल्या बहिणींना हाक मारली. चष्मेवाल्यांना शोधायला निघालेली ही मंडळी आधी त्यांच्या घरी आली, कारण हरवलेल्या माणसाचा शोध त्याच्या घरापासून सुरू करावा, हे आक्काचं मत.

आणि आक्काने पहिलंच दार ढकललं, तर आत हरवलेला माणूस. उघड्या खिडकीच्या वाऱ्यात, मान वाकडी करून, एकटा.

“बाळ्या,” आक्का म्हणाली.

‘बाळ्या’ ऐकलं आणि चष्मेवाल्यांचं निम्मं दुखणं तिथेच कमी झालं. पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

“हे काय गं?” आक्काने सुनेला विचारलं. “मला सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, बाबांना आवडणार नाही.”

“आजारी माणसाला काय आवडायचंय?”

खिडकी बंद झाली. मफलर आला, कानटोपी आली, मिठाची गरम पुरचुंडी आली, तेलाची वाटी आली. खाटेच्या डाव्या बाजूला बसायला मारामार झाली, कारण उजव्या बाजूला बसलेलं रुग्णाला दिसत नसे आणि मग येऊन उपयोग काय. उजवीकडच्या बायका मधूनमधून “मी पण आलेय हो” असं सांगत होत्या.

“मान हलक्यात घेऊ नका,” एक जाऊ म्हणाली. “आमच्या थोरल्या दिरांची अशीच धरली होती.”

“मग?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“मग काय. फोटो आहे की भिंतीवर.”

दीर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि पोटाच्या दुखण्याने गेले होते. पण बोलण्याच्या ओघात ते राहून गेलं. आक्का डोळ्यांना पदर लावून रडत होती. ती आजाऱ्याजवळ बसली की रडायचीच. त्याचा आजाराशी काही संबंध नसे, आणि रडून झालं की तिला सपाटून भूक लागायची. चष्मेवाल्यांना हे सगळं लहानपणापासून पाठ होतं. ते मऊ उशीवर वाकडे पडून सगळ्यांचं लक्ष अंगावर घेत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना आपण कुणाचे तरी आहोत असं वाटत होतं.

पाठ नव्हतं ते सुनेला. ती चहाच्या कपांचा ट्रे घेऊन आत आली आणि तिची नजर दाराबाहेरच्या चपलांवर गेली. पुलापलीकडच्या लोकांत इतक्या चपला दारात एकाच दिवशी पडतात. आजाऱ्याभोवती माणसं गोळा होतात तीही एकदाच, निरोप द्यायला. तिने आक्काचे लाल डोळे पाहिले. ह्या लोकांना काहीतरी माहीत आहे, जे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, हे तिने ओळखलं. सकाळपासून आपण ह्या माणसाला साधी मान धरली समजून बसलो. तिने ट्रे कसाबसा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातून वडिलांना फोन लावला.

“इथं सगळे जमलेत,” ती म्हणाली.

पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वडील म्हणाले, “निघालोच.”

हे व्याही नळाची कामं घेत. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण मनापर्यंत पोचायला आधी आवाजातून जावं लागे. चष्मेवाल्यांनी मुलांच्या लग्नानंतर त्यांना दोन नंबरांचा चष्मा करून दिला होता, लांबचं वर, जवळचं खाली. तेव्हापासून भेट झाली की भांडण ठरलेलं. “चष्मा आहे की चेष्टा? जिन्याच्या पायऱ्या पोहतात,” असं व्याही म्हणत. “मान खाली घालून उतरा,” असं चष्मेवाले सांगत. “आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही, ती तुमच्या काचेसाठी घालू?” असं व्याही विचारत, आणि मग चहा होई.

आज व्याही आले ते पाऊल न वाजवता. त्यांनी चपला बाहेर एका रांगेत लावल्या, गर्दीतून वाट काढत डाव्या बाजूला आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

“आज हवा काय सुंदर पडलीय, व्याही,” ते म्हणाले.

“माझी मान धरलीय,” चष्मेवाले म्हणाले.

“चष्मा मात्र झकास बसलाय हं. पायऱ्या अगदी जागच्या जागी दिसतात. तुमच्या हाताला यश आहे.”

“आता पटलं ना? मी सांगत होतो.”

“पटलं. चूक माझीच होती.”

चष्मेवाल्यांना आधी बरं वाटलं. एवढा मोठा विजय, आणि तोही साक्षीदारांसमोर. मग व्याह्यांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि हळुवार थोपटला. नळाची कामं केलेला तो राकट हात होता, आणि तो कापसासारखा पडत होता.

त्यांना मागचं वर्ष आठवलं. सुनेची आजी अंथरुणाला खिळली होती, म्हणून ते पुलापलीकडे गेले होते. हेच व्याही, जन्मभर आईवर खेकसलेले, तिच्याशी साखरेत घोळून बोलत होते. “किती गोड बोलतात हो,” असं चष्मेवाले कौतुकाने म्हणाले, तेव्हा मुलाने त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितलं होतं, “बाबा, त्यांच्यात माणूस बरा होणार असेल तर त्याला रागावतात. गोड बोलायला लागले की समजायचं, संपलं.” त्याच आठवड्यात आजी गेली.

“व्याही,” चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. “लग्नात जेवण उशिरा आलं, ते माझ्यामुळं नव्हे. तुमच्यामुळं आलं.”

हे भांडण दोन घरांत लग्नाच्या दिवसापासून चालू होतं आणि दोघांपैकी कुणी ते सोडायला तयार नव्हतं.

“अगदी खरं,” व्याही म्हणाले. “माझ्यामुळंच.”

चष्मेवाल्यांना दरदरून घाम फुटला.

“सूनबाईला बोलवा,” ते म्हणाले. सून आली. तिचे डोळे सुजले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू बघून त्यांची उरलीसुरली आशा गेली, तरी खात्री केलेली बरी म्हणून त्यांनी विचारलं, “आक्काच्या हातचं सूप कसं लागतं तुला?”

आक्काच्या सुपाचा वास आला तरी सून गच्चीवर जायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“फार आवडतं,” सून म्हणाली.

आता एकच प्रश्न राहिला. तो विचारायला महिनाभर त्यांची जीभ रेटली नव्हती. “रविवारी तुम्ही जाणार का गं?”

“नाही बाबा,” सून अगदी मऊ आवाजात म्हणाली. “कुठं जाणार आम्ही तुम्हाला सोडून? तुम्ही म्हणाल तसं.”

महिनाभर ज्या वाक्यासाठी ते झुरत होते, ते शब्दाला शब्द तेच होतं. आणि ते ऐकून चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. देवा, असं नको, ते मनात म्हणाले. खुशाल जाऊ दे त्यांना, पण हिला एकदा माझ्यावर वसकन ओरडू दे.

“घाम बघा केवढा,” उजवीकडून कुणीतरी म्हणालं. “हातपाय गार पडलेत,” डावीकडून कुणीतरी म्हणालं. आक्का उठली. डॉक्टरला बोलवा, अशी तिने आज्ञा केली आणि चुलतभाऊ पळत सुटला.

डॉक्टर गल्लीच्या टोकाचेच. दारातल्या चपला बघून त्यांनीही आधी आवाज खाली आणला आणि चेहरा लांब केला. आत आल्यावर रुग्ण डोळे मिटून वाकडा पडलेला दिसला, पण तो जावेच्या प्रत्येक वाक्याला हुं म्हणत होता, तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर आला.

“सगळ्यांनी जरा बाहेर व्हा,” ते म्हणाले.

“आम्ही घरचेच आहोत,” आक्का म्हणाली.

“म्हणूनच.”

खोली रिकामी झाली. डॉक्टरांनी बोटाने मान दाबून पाहिली. “इथं दुखतं?”

“आई गं.”

“शिंकला होतात का?”

“हो. वाकून.”

“वाकून शिंकू नये.”

“डॉक्टर,” चष्मेवाले म्हणाले, “मला खरं काय ते सांगा. गोड बोलू नका. माझी तयारी आहे.”

“कशाची? मान धरलीय. शेक द्या, थोडे दिवस कळ काढा, आपोआप सुटेल.”

“म्हणजे मी जात नाही?”

“जाल की. सगळेच जातात. पण मानेनं नाही.”

डॉक्टर बाहेर गेले आणि हेच त्यांनी गॅलरीत सगळ्यांना सांगितलं. बातमी एकच, पण ती दोन ठिकाणी दोन तऱ्हेने पोचली. आक्काच्या मंडळींनी मान हलवली, आणि ‘म्हणजे थोडे दिवस रोज येऊन बसावं लागणार’ असं म्हणून कुणी काय शिजवून आणायचं याची वाटणी सुरू केली. व्याह्यांनी दोन पावलांत दार गाठलं.

“अहो, माणूस आहात की कोण?” ते दारातूनच गरजले. “वाकून शिंकतात का कुणी? शेंबडं पोरसुद्धा उभं राहून शिंकतं. अख्ख्या इमारतीचं पाणी बंद ठेवून आलोय मी. लोक बादल्या घेऊन बोंबलत असतील. आणि तो तुमचा चष्मा. येताना जिन्यात दोनदा ठेचकाळलो. पोहतात पायऱ्या, पोहतात. आणि लग्नातलं जेवण तुमच्यामुळंच उशिरा आलं, हे पुन्हा सांगून ठेवतो.”

चष्मेवाले डोळे मिटून ऐकत होते. एकेक शब्द अंगाला लागत होता आणि जीव थाऱ्यावर येत होता. व्याही दम घ्यायला थांबले, तेव्हा ते म्हणाले, “अजून बोला.”

“आजारी माणसावर ओरडता?” आक्का मधे पडली. “तुमच्यात काही रीतभात?”

“आमच्यात ह्यालाच रीत म्हणतात.”

आक्काला एवढं पुरलं. ती व्याह्यांना दंडाला धरूनच गॅलरीत घेऊन गेली, आणि रीत कशाला म्हणतात यावर तिथे दोघांचं जुंपलं. बाकीची मंडळी ते ऐकायला गेली.

मग सून आत आली. तिने दार लावून घेतलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं.

“बाबा, तुम्हाला काही कळतं का?” ती म्हणाली. आवाज मुळीच मऊ नव्हता. “एवढ्याशा मानेसाठी एवढं कण्हायचं? माझा जीव अर्धा झाला. आणि चप्पल काढायला वाकायचं कशाला? मी मेले होते का घरात?”

“रागाव, रागाव,” चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी धीर करून विचारलं, “म्हणजे रविवारी...”

“जाणार. जाणारच. मघाशी म्हटलं ते तुम्ही जाताय असं वाटलं म्हणून.”

“इतका नकोसा झालोय का गं मी तुला?”

सून बघतच राहिली. “नकोसे? बाबा, तो फ्लॅट तुमच्या दुकानाच्या मागच्या रस्त्यावर आहे. दुपारी तुम्हाला गरम जेवायला येता यावं, म्हणून तिथंच हवा असा मी हट्ट धरला. तुम्ही बघायलासुद्धा आला नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हालाच आमची अडचण होतेय.”

गॅलरीत आक्काचा आवाज व्याह्यांच्या वर चढला होता.

“मग जाता कशाला?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

सून खाटेच्या कडेला टेकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “मला रोज सकाळी उलट्या होतायत.”

“पित्त असेल. बाहेरचं काही खाल्लंस का?”

“बाबा,” सून म्हणाली. “पित्त नाही.”

चष्मेवाल्यांच्या डोक्यात काच बदलायला जरा वेळ लागला. बदलली तेव्हा त्यांनी मान गर्रकन तिच्याकडे वळवायला घेतली आणि कळवळून पुन्हा उशीवर पडले.

“हलू नका,” ती खेकसली. मग तिचा आवाज खाली आला. “मागं मला नुसता ताप आला होता, तेव्हा आठ बायका माझ्या खाटेवर बसल्या होत्या. एकीनं माझे पाय धरले होते. मला रडायचं होतं, पण रडायला जागाच नव्हती. त्यांची माया कळते मला, नाही असं नाही. पण हे कळलं तर आक्का इथं मुक्कामालाच येतील. मला उलटी होते तेव्हा दार लावून घ्यायचंय, बाबा. बाकी काही नको. म्हणून ह्यांना म्हटलं, थोडे दिवस कुणाला सांगू नका.”

“मला तरी...”

“तुम्हाला सांगणारच होते. तिकडं गेल्यावर, जेवायला आलात की. तुम्ही रोज या. पण एकटे या.”

एवढं बोलून ती उठली, डोळे पुसले आणि कप गोळा करायला गेली. तिच्या पाठोपाठ आक्का आत आली. व्याह्यांना तिने पुलापलीकडे परत धाडलं होतं, आणि रडून, भांडून झाल्यावर तिला आता भूक लागली होती.

“काय म्हणत होती?” आक्काने विचारलं. “डोळे लाल कशानं तिचे?”

चष्मेवाल्यांच्या तोंडात बातमी अशी उड्या मारत होती की ओठ मिटून धरायला लागले. त्यांच्या घराण्यात असली बातमी लपवणं म्हणजे चोरी. ती आक्काला सगळ्यांत आधी सांगायची, मग तिने रडायचं, मग तिने सगळ्यांना सांगायचं. चष्मेवाल्यांच्या बायकोला दिवस गेले, ती बातमीसुद्धा अशीच आक्काने अख्ख्या गल्लीला सांगितली होती आणि दुसऱ्या दिवशीपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायको तेव्हा रात्री उशीत तोंड खुपसून काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली, ते त्यांनी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

“मला रागावत होती,” ते म्हणाले.

“आजारी माणसाला?”

“त्यांच्यात तशी रीत आहे, आक्का. वाईट नाही.”

“बरं, ते असू दे,” आक्का म्हणाली. “रविवारचं मी ठरवलंय. आपली सगळी माणसं लावते. हातोहात सामान हलवू. बायका तिकडं जाऊन तिचं स्वयंपाकघर लावून देतील. दोघीतिघी राहतील आठवडाभर तिच्या सोबतीला. नवं घर, एकटी पोर. मी तर राहीनच.”

चष्मेवाले आक्काकडे बघत राहिले. तिच्या म्हाताऱ्या तोंडावर नुसती माया होती. अशा मायेला नाही म्हणायची सोय नसते, ती दुसरीकडे वळवावी लागते.

“आक्का,” ते खोल आवाजात म्हणाले, “डॉक्टर मला एकट्याला काय म्हणाले, ते तुला सांगितलं नाही.”

“काय म्हणाले?”

“चौथा दिवस मानेला फार वाईट. म्हणजे रविवारच येतो. तेव्हा तुम्ही सगळे इथं लागाल. एकालाही दुसरीकडं पाठवू नकोस.”

शनिवारी दुपारी चष्मेवाल्यांची मान सुटली. आरशासमोर उभं राहून त्यांनी ती डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर-खाली करून पाहिली. नव्यासारखी चालत होती. रात्री मुलगा परत आला, त्याला त्यांनी पाठीत एक गुद्दा घातला. रविवारी सकाळी मंडळी यायच्या आधी मफलर गुंडाळला, तोंड डाव्या खांद्याकडे केलं आणि कण्हायला सुरुवात केली.

आक्काने शब्द पाळला होता. भाऊबंदांतलं एक माणूस मागे राहिलं नव्हतं. उजव्या बाजूलासुद्धा दोन रांगा झाल्या. बाहेर हमाल खोकी उतरवत होते, मुलगा त्यांना “सांभाळून, सांभाळून” म्हणत होता, आणि आत कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, कारण चौथा दिवस होता.

सून निरोप घ्यायला आली. सगळ्यांसमोर तिने सासऱ्यांच्या मानेकडे नीट बघून घेतलं. सकाळी ती मान स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा शोधताना सगळीकडे फिरत होती, हे तिने पाहिलं होतं.

“निघतो आम्ही,” ती म्हणाली. “आणि किती ते कण्हायचं? चौकापर्यंत आवाज जातोय. वयाला शोभतं का?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. “अगं, आजारी माणूस आहे,” जाऊ म्हणाली. चष्मेवाले आणखी मोठ्याने कण्हले. सुनेचे ओठ हलले, पण ती हसली नाही. दार मात्र तिने उघडंच ठेवलं.

थोड्या वेळाने खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकी उजवीकडे होती. चुलतभाऊ उठून तिथे गेला.

“निघाले बघ, दादा. पुढंच बसलीय सूनबाई. वर बघतेय.”

चष्मेवाल्यांच्या मानेत आता काही दुखत नव्हतं. नुसती वळवली असती तरी दिसली असती ती, नाक्यावर वळेपर्यंत. त्यांनी दोन्ही हातांनी उशी घट्ट धरली आणि डावीकडे बघत राहिले. टेम्पोचा आवाज लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. डोळ्यांतून एक थेंब ओघळून मफलरमध्ये गेला.

“फार दुखतंय का रे, बाळ्या?” आक्काने विचारलं.

“हो, आक्का,” ते म्हणाले. “जरा जवळ सरकून बस.”